'रूबी ब्रिजेस': करुणेची शक्ति आणि मर्यादा

ललितकृतीनें वाचकांचीं मतें बनवावीं कीं नाहीं, हा वाद आपल्याकडे आतां चांगलाच जुना झाला आहे. 'कलेकरितां कला' आणि 'जीवनाकरितां कला' अशा दोन छावण्या पडून त्यांच्यामध्यें पुष्कळ शाई सांडली गेली. परंतु ह्या वादांत दोन्ही पक्ष एक गोष्ट न बोलतां गृहीत धरून चालतात. ती ही कीं, मत बनविणें वा न बनविणें सर्वस्वी कलावंताच्या स्वाधीन आहे. वास्तविक तसें नाहीं. कलावंत गोष्ट सांगतो, आणि ती ज्या बाजूनें सांगितली जाते त्या बाजूनें दिसणारें जग ऐकणारास खरें वाटूं लागतें. कोणाच्या डोळ्यांनीं पाहावयाचें, कोणता प्रसंग घ्यावयाचा, कोणता टाकावयाचा आणि गोष्ट कोठें थांबवावयाची, ह्या निवडींतूनच मत घडत जातें. त्यासाठीं उपदेशाचें एक वाक्यही लागत नाहीं. चित्रपटाच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. कारण तेथें पान मिटून क्षणभर विचार करण्याची सवड नसते. आणि पाहणारें लहान मूल असलें तर पडद्यावरचें चित्र पडताळून पाहण्यास त्याच्याजवळ स्वतःचा असा अनुभवही नसतो.

हा विचार मनांत येण्यास अमेरिकेंतील एक तक्रार कारण झाली. सन २०२३ च्या मार्च महिन्यांत फ्लॉरिडा राज्यांतील सेंट पीटर्सबर्ग शहरीं एका प्राथमिक शाळेंत दुसऱ्या इयत्तेच्या मुलांना 'रूबी ब्रिजेस' हा १९९८ सालचा चित्रपट दाखविण्यांत आला. दाखविण्यापूर्वीं पालकांची लेखी संमति मागितली होती. एका पालकानें आपल्या मुलास तो पाहूं दिला नाहीं, आणि पुढें रीतसर तक्रार केली कीं, गोरे लोक काळ्या लोकांचा द्वेष करतात अशी समजूत हा चित्रपट पाहून मुलांची होईल. निर्णय लागेपर्यंत शाळेनें चित्रपट दाखविणें थांबविलें. पुढच्याच महिन्यांत समितीनें तो ठेवावा असा निकाल दिला आणि प्रकरण मिटलें. वर्तमानपत्रांपुरतें मिटलें, असें म्हणणें अधिक बरें. कारण हा चित्रपट मुलांच्या मनांत वंशद्वेषाविषयीं नेमकी कोणती समजूत रुजवितो, हा जो मूळ प्रश्न, तो 'ठेवावा' किंवा 'काढावा' ह्या शब्दांनीं सुटण्यासारखा नाहीं. तो टीकेचा प्रश्न आहे, आणि टीकेच्याच मार्गानें त्याचा विचार झाला पाहिजे.

ज्या वाचकांस ही कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १७ मे १९५४ रोजीं एकमतानें असा निवाडा दिला कीं, सार्वजनिक शाळांत वर्णावरून मुलें वेगळीं बसविणें राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मिसिसिपी राज्यांत एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांत रूबीचा जन्म झाला. म्हणजे ज्या हक्कासाठीं तिला पुढें जमावांतून चालावें लागलें, तो कागदावर तिच्या जन्मापूर्वींच तिला मिळालेला होता. आईबाप पुढें न्यू ऑर्लिन्स शहरीं येऊन राहिले. लुइझियाना राज्यानें तो निवाडा सहा वर्षें टोलविला, अखेर जे. स्केली राइट ह्या संघराज्याच्या न्यायाधीशानें निग्रह धरला, तेव्हां १४ नोव्हेंबर १९६० रोजीं सहा वर्षांची रूबी विल्यम फ्रांट्झ ह्या गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेंत दाखल झाली. बरोबर संघराज्याचे मार्शल होते, आणि शाळेच्या दाराशीं शिव्या देणारा जमाव होता. गोऱ्या पालकांनीं आपलीं मुलें काढून नेलीं. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री ह्या एका शिक्षिकेनें रूबीला शिकविण्याचें पत्करलें, आणि सबंध वर्षभर त्या वर्गांत एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी अशीं दोघींचींच बाकें भरलेलीं राहिलीं. बापाची पेट्रोल-पंपावरची नोकरी गेली. मिसिसिपींत वाट्यानें शेत करणाऱ्या आजीआजोबांना तें शेत सोडावें लागलें. तुला विष घालूं, अशी धमकी एक बाई रोज देई. म्हणून मार्शलांनीं रूबीला घरून आणलेल्या अन्नाखेरीज दुसरें कांहीं खाऊं दिलें नाहीं. दुसऱ्या एका बाईनें लहानशा शवपेटींत काळी बाहुली निजवून ती तिच्यासमोर धरली. जमावाच्या आरोळ्यांहूनही त्या बाहुलीचें भय आपणांस अधिक वाटलें, असें रूबीनें मोठेपणीं आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

एवढी सामग्री हातीं असतां चित्रपट बटबटीत करणें फार सोपें होतें. दिग्दर्शिका युझान पाल्सी हिनें तो मोह टाळला, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. शाझ मोने ह्या बालनटीच्या चेहऱ्यावर सोशिक हुतात्म्याचा भाव आणण्याची खटपट येथें नाहीं. तिचें कुतूहल, तिचा हट्ट, कपाळाला पडणारी आठी, हें सर्व सहा वर्षांच्या मुलीचें आहे. पहिल्या दिवशीं तो गलका पाहून रूबीला वाटलें कीं हा मार्दी ग्रा उत्सवाचा मेळा असावा. ही खऱ्या रूबीची आठवण आहे, आणि तिच्यांत सगळ्या कथेचें मर्म आहे. द्वेष ही गोष्ट मुलाला उपजत कळत नाहीं. ती त्याला समजावून द्यावी लागते. पुढें एका गोऱ्या मुलानें तिला सांगितलें कीं, तुझ्याशीं खेळूं नको असें माझी आई म्हणते; तेव्हां कोठें त्या साऱ्या गलक्याचा अर्थ तिला उमगला. कोणत्याही व्याख्यानानें जें पटविलें नसतें तें ह्या एका वाक्यांत पटतें. बापाच्या मनांतील अनिच्छा आणि आईच्या मनांतील निश्चय ह्यांचा घरांत चाललेला झगडाही दिग्दर्शिकेनें संयमानें दाखविला आहे. पोरीच्या जिवावर समाजाची लढाई कां लढावी, हा बापाचा प्रश्न भित्रेपणाचा म्हणून तिनें उडवून लावलेला नाहीं. तो प्रश्न चित्रपट संपल्यावरही आपल्याजवळ राहतो.

आतां त्या तक्रारीचा विचार करूं. तिला हंसण्यावारी नेणें योग्य नाहीं. सात वर्षांचें मूल 'कांहीं गोरे' आणि 'गोरे' ह्यांतील भेद नेहमींच करूं शकतें असें नाहीं, आणि आपल्या मुलानें स्वतःच्या कातडीची लाज बाळगूं नये असें आईबापांस वाटल्यास तें अस्वाभाविकही नाहीं. ह्या तक्रारीला जें उत्तर सर्वत्र देण्यांत आलें तें असें: सहा वर्षांच्या मुलीनें जें सोसलें तें सात वर्षांच्या मुलांनीं नुसतें पाहावयास काय हरकत आहे? उत्तर चमकदार आहे, टाळी घेणारें आहे. पण तें पुरेसें नाहीं. रूबीला तें सोसावें लागलें हा अन्याय होता. अन्याय हा शिक्षणाचें माप होऊं शकत नाहीं. उद्यां कोणी म्हणेल, एका मुलानें उपास काढले, मग दुसऱ्यानें ते काढून पाहावयास काय झालें?

खरें उत्तर चित्रपटांतच आहे. त्यांत गोरी माणसें मोजून पाहावीं. वर्ग चालविणारी बार्बरा हेन्री गोरी आहे, रूबीच्या मनाची विचारपूस करणारा डॉक्टर रॉबर्ट कोल्स गोरा आहे, आणि तिला सुखरूप दारांतून आंत नेणारे मार्शलही गोरेच आहेत. शिक्षिका आणि विद्यार्थिनी ह्यांची प्रीति हा तर ह्या चित्रपटाचा गाभा आहे. पाहणाऱ्या गोऱ्या मुलाला जमावाशीं नातें जोडण्याचें मुळींच कारण पडत नाहीं. तें अगदीं सहज त्या प्रेमळ बाईंच्या बाजूला जाऊन बसतें. म्हणून गोरे लोक वाईट असतात हा धडा ह्या चित्रपटांतून मिळण्याचा संभव फार थोडा. माझी तक्रार नेमकी उलट आहे. हा चित्रपट प्रेक्षकाला लाजवीत नाहीं. फार लवकर निर्दोष ठरवितो.

हें कसें घडतें तें पाहण्यासारखें आहे. चित्रपटांत वंशद्वेषाला एक चेहरा दिलेला आहे. तो चेहरा ओरडणारा, विद्रूप, शिरा ताणलेला आहे. तो खोटा नाहीं. त्या दारापुढें तो खरोखरच होता. जॉन स्टाइनबेक ह्या कादंबरीकारानें १९६० च्या अखेरीस तो स्वतः पाहिला आणि १९६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्याचें वर्णन केलें. त्या आरडाओरडा करणाऱ्या बायका टाळ्यांच्या भुकेल्या होत्या, कॅमेऱ्यांपुढें त्या जणूं नाटकच करीत होत्या, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. म्हणजे तो जमाव मुळांतच एक प्रयोग होता, आणि चित्रपटास जें सर्वांत सुलभपणें टिपतां येतें तें प्रयोगच. परंतु रूबीच्या जन्माआधीं कित्येक वर्षें काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या शाळा निराळ्या होत्या, त्या ह्या बायकांनीं बांधल्या नव्हत्या. त्या बांधणारे लोक ओरडत नव्हते. ते स्वच्छ कपडे घालून कचेऱ्यांत बसत, ठराव लिहीत, अंदाजपत्रकें मंजूर करीत. निवाडा झाल्यावर तो निष्फळ करण्यासाठीं लुइझियानाच्या विधिमंडळानें कायद्यांमागून कायदे केले. काळ्या मुलांसाठीं प्रवेशपरीक्षा ठेवली, आणि ती अशी कीं थोडींच मुलें तींतून पार पडावीं. रूबी पार पडली. ज्यांना ती परीक्षा पार करतां आली नाहीं त्या मुलांना कोणीही शिव्या दिल्या नाहींत. त्यांचे दरवाजे अगदीं शांतपणें बंद झाले. शांतपणें बंद होणारा दरवाजा पडद्यावर दाखवावयाचा कसा, हा ह्या विषयावरील प्रत्येक चित्रपटापुढचा प्रश्न आहे.

बापाची नोकरी जाणें आणि वाण्यानें किराणा नाकारणें ह्या गोष्टी चित्रपटांत येतात. परंतु त्या दुःखांच्या यादींतील कलमें म्हणून येतात, यंत्राचे भाग म्हणून येत नाहींत. वस्तुतः हें यंत्र जुनें आणि पारखलेलें होतें. ज्या पांच खटल्यांवर १९५४ चा निवाडा झाला त्यांपैकीं एक दक्षिण कॅरोलायनांतील क्लॅरंडन परगण्यांतला. त्या खटल्यांत फिर्यादी म्हणून ज्याचें नांव होतें तो हॅरी ब्रिग्ज हाही पेट्रोल-पंपावरच नोकर होता, आणि त्याचीही नोकरी अशीच गेली. त्याच्या बायकोचीही गेली. दोन बाप, दोन गांवें, मध्यें दहा वर्षांचें अंतर, आणि शिक्षा एकच! ह्या योगायोगाला योगायोग म्हणणें म्हणजे डोळे झांकून घेणें होय. जो समाज ओरडतो तो शेंकड्यांनीं मोजतां येईल. जो समाज गुपचूप नोकरीवरून काढून टाकतो त्याची मोजदाद कोण करणार?

ह्या क्लॅरंडनच्या खटल्यावर १९९१ सालीं 'सेपरेट बट ईक्वल' ह्या नांवाचा दोन भागांचा दूरचित्रपट निघाला. त्यांत सिडनी पॉइटियरनें थर्गुड मार्शल ह्या वकिलाची आणि बर्ट लॅंकेस्टरनें त्याच्या प्रतिपक्षाची, जॉन डेव्हिस ह्याची, भूमिका केली आहे. तेथें सारें कसें घडलें तें कळतें. मुलांना शाळेंत नेण्यासाठीं एक बस द्या, एवढ्या लहान मागणीपासून गोष्ट निघते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत पोंचते. वर्णभेद ही व्यवस्था आहे, तिला कागद, पैसा आणि तर्कशास्त्र लागतें, आणि ती चालविणारा माणूस सभ्य, विद्वान, आदरणीयही असूं शकतो, हें डेव्हिसच्या चित्रणावरून उमगतें. पण तेथें जीव गुंतत नाहीं. वकिलांच्या युक्तिवादानें बुद्धि खूष होते, डोळ्यांत पाणी येत नाहीं. 'रूबी ब्रिजेस' मध्यें पाणी येतें, पण यंत्र दिसत नाहीं. एकांत मूल आहे, कायदा आहे असें नाहीं. दुसऱ्यांत कायदा आहे, मूल हरवलें आहे.

ह्या दोहोंना जोडणारी एक वस्तु इतिहासांत आहे, आणि ती विलक्षण आहे. क्लॅरंडनच्या खटल्यांत केनेथ क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञानें साक्ष दिली. तो आणि त्याची पत्नी मेमी ह्यांनीं काळ्या मुलांपुढें दोन बाहुल्या ठेवल्या, एक काळी आणि एक गोरी, आणि विचारलें, ह्यांतली चांगली कोणती? पुष्कळ मुलांनीं गोरी बाहुली उचलली. शाळा वेगळ्या केल्यानें मुलाच्या मनांत स्वतःविषयींच कमीपणा कसा शिरतो, ह्याचा हा पुरावा म्हणून मांडला गेला. त्यानंतर कांहीं वर्षांनीं न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर ती दुसरी काळी बाहुली आली, शवपेटींत निजलेली. पहिली बाहुली शांत खोलींत टेबलावर होती, दुसरी गर्दींत उंच धरलेली होती. दुसरीला पाहून सारें जग शहारलें. पण मुलाचें मन आधीं कोणी मारलें होतें तें पहिली सांगते. ह्या दोन बाहुल्या एका कृतींत समोरासमोर आणणारा कलावंत अद्याप भेटावयाचा आहे.

युझान पाल्सीला हें जमलें नसतें असें नाहीं. म्हणूनच खंत वाटते. ती स्वतः मार्तिनीक बेटांतली. तिचा पहिला मोठा चित्रपट १९८३ सालचा 'ऱ्यू काझ-नेग्र'. जोझेफ झोबेल ह्याच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या चित्रपटांत उंसाच्या मळ्यांतील एक काळा पोर शाळेच्या बळावर वर चढतो. पण त्याच्या हातांतील पुस्तकामागें मळ्यांत राबणारी आणि पुढें शहरांत लोकांचे कपडे धुणारी आजी क्षणभरही दृष्टीआड होत नाहीं. शिष्यवृत्ति अपुरी मिळते, फीचे पैसे भरावे लागतात, आणि हे पैसे कोठून आले तें प्रेक्षकाला पूर्ण ठाऊक असतें. गुलामगिरी गेली तरी जमीन धन्याचीच राहिली, हें एक म्हातारा त्या पोराला गोष्टींतून सांगतो. तेथें कोणी फारसें ओरडत नाहीं, आणि तरीही अन्याय पानापानांतून झिरपतो. त्याच हातानें केलेला 'रूबी ब्रिजेस' कुटुंबानें एकत्र बसून पाहावयाच्या दूरदर्शनच्या मालिकेसाठीं, डिस्नेच्या छत्राखालीं तयार झाला. त्या घराचे नियम त्याला पाळावे लागले असावेत असें मानण्यास जागा आहे. ह्या नियमांतला पहिला असा कीं, दुष्ट माणूस ओळखूं यावा. आणि दुसरा असा कीं, गोष्ट संपतांना मन हलकें व्हावें.

मन हलकें करण्याचें काम मुख्यतः एका प्रसंगानें केलें आहे. एके दिवशीं रूबी जमावासमोर थांबून ओठ हलवितांना दिसते. ती त्यांच्याशीं बोलत होती असें सर्वांस वाटतें. पण ती त्यांच्यासाठीं देवाची प्रार्थना करीत होती. हा प्रसंग कल्पित नव्हे. रॉबर्ट कोल्सनें तो आपल्या लेखनांत सांगितलेला आहे. त्या मुलीच्या श्रद्धेपुढें कोणीही नम्रच व्हावें. तथापि घडलेली गोष्ट निराळी आणि तिचा कलाकृतींत होणारा उपयोग निराळा. पीडितानें क्षमा केली कीं प्रेक्षकाला आपलाही हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. ज्यांनीं क्षमा मागितलीच नाहीं त्यांना ती परस्पर मिळून जाते. आणि ती देण्याचें ओझें पुन्हा त्या सहा वर्षांच्या पोरीच्याच खांद्यावर पडतें. उत्तम गुणांची स्तुति करतां करतां ते गुण अंगीं बाणवावे लागण्याइतकी वेळ तिच्यावर कां यावी, हें विचारावयाचें राहून जातें.

तसेंच एकटेपणाचें. कथेला एक नायिका हवी, म्हणून एकच मूल उजेडांत येतें. त्याच दिवशीं, त्याच शहरांत, मॅकडोनो १९ ह्या दुसऱ्या शाळेंत तीन काळ्या मुली दाखल झाल्या: लिओना टेट, टेसी प्रिव्हो आणि गेल एटिएन. त्यांच्याही शाळेंतून गोरीं मुलें निघून गेलीं, आणि बाहेरून कोणी पाहूं नये म्हणून खिडक्यांना कागद लावून त्यांना शिकविलें गेलें. एकट्या मुलीची कथा शौर्याची होते. चौघींची झाली असती तर ती धोरणाची झाली असती. चार मुली एकाच सकाळीं दोन शाळांत जातात त्याअर्थीं ह्यामागें कोणाची तरी योजना आहे, संस्था आहे, वकील आहेत, आणि तसाच संघटित विरोधही आहे, हें पाहणाऱ्याच्या सहज ध्यानांत आलें असतें. अद्भुत बालकाच्या गोष्टींत समाज अदृश्य होतो. हा दोष एकट्या ह्या चित्रपटाचा नव्हे, चरित्रपटांच्या सबंध जातीचा आहे.

आतां ज्याला मी सर्वांत महत्त्वाचा समजतों त्या मुद्द्याकडे येतों. अशा कृतींत प्रेक्षकाला कोठें उभें केलें आहे, ह्यावर त्याचें मत अवलंबून असतें. चित्रपटांत आपण बहुतेक वेळ रूबीच्या बाजूला असतों, मोटारींत तिच्याशेजारीं, वर्गांत तिच्या बाकावर. आरडाओरडा आपल्यावर होतो, आपण तो सोसतों, आणि आपण चांगले आहों अशी खात्री बाळगून बाहेर पडतों. आतां नॉर्मन रॉकवेलनें ह्याच घटनेवर काढलेलें आणि १९६४ च्या जानेवारींत 'लुक' पाक्षिकांत छापलेलें चित्र पाहा. पांढऱ्या झग्यांतली एक काळी मुलगी चालली आहे. पुढेंमागें चार मार्शल आहेत, पण त्यांचीं डोकीं चित्राच्या चौकटीनें कापलेलीं आहेत. भिंतीवर एक शिवी लिहिलेली आहे आणि फेकलेल्या टोमॅटोचा लाल डाग आहे. जमाव चित्रांत नाहीं. मग तो आहे कोठें? चित्र पाहण्यासाठीं जेथें आपण उभे राहतों तेथें. टोमॅटो आपल्याच बाजूनें गेला आहे. रॉकवेल हा घरोघरच्या गोड चित्रांसाठीं प्रसिद्ध असलेला चित्रकार. पण ह्या एका चित्रांत त्यानें आपल्या चाहत्यांना एक शब्दही न बोलतां आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. हेंच चित्र २०११ सालीं व्हाइट हाउसमध्यें लावलें गेलें, आणि मोठी झालेली रूबी राष्ट्राध्यक्ष ओबामा ह्यांच्या शेजारीं उभी राहून तें पाहूं शकली.

आपल्या वाचकांस ह्या ठिकाणीं नागराज मंजुळे ह्यांचा २०१३ सालचा 'फॅंड्री' आठवल्याशिवाय राहणार नाहीं. तेथेंही शाळकरी पोर आहे, तेथेंही जमाव आहे, आणि तो जमाव शिव्या कमी देतो, हंसतो अधिक. डुकराच्या मागें धांवणाऱ्या जब्याच्या कुटुंबाला पाहून गांव हंसतें, आणि चित्रपटगृहांतील कांहीं प्रेक्षकही, खरें सांगावयाचें तर, हंसूं लागतात. शेवटीं जब्या जो दगड भिरकावतो तो सरळ पडद्यांतून आपल्याकडे येतो. रॉकवेलचा टोमॅटो आपल्या बाजूनें गेला होता. मंजुळ्यांचा दगड आपल्या बाजूस आला. दोन्हीं कृतींचा सिद्धान्त एकच आहे: अन्याय पाहणारा मनुष्य घटनेच्या बाहेर नसतो. अमेरिकेंतला वर्ण आणि आपल्याकडील जात ह्या एक नव्हेत, त्यांचे इतिहास निराळे आहेत, आणि उथळ तुलनेनें दोहोंवरही अन्याय होतो. पण प्रेक्षकाची जागा हा कलेचा प्रश्न आहे, आणि तो दोन्हीं देशांत सारखाच आहे.

मग 'रूबी ब्रिजेस' मुलांना दाखवूं नये काय? अवश्य दाखवावा. करुणा हा विचाराचा शेवट नसला तरी आरंभ असूं शकतो, आणि पुष्कळांना तो आरंभही मिळत नाहीं. सात वर्षांच्या मुलाला विधिमंडळाचे ठराव कळणार नाहींत. पण एकटीच बाकावर बसलेली मुलगी कळेल. प्रश्न आहे तो दिवे लागल्यावर काय होतें हा. त्या वेळीं वर्गांतील शिक्षकानें एवढेंच विचारावें: ज्या मुलांचीं बाकें रिकामीं होतीं तीं कोठें गेलीं? त्यांना कोणी नेलें? तीं ओरडत होतीं काय? जीं आईबापें दारापुढें न येतां नुसतींच आपल्या मुलांचीं नांवें काढून घेऊन घरीं बसलीं त्यांना काय म्हणावें? जमावांतल्या बाईचा तिरस्कार करणें फार सोपें आहे. त्या रिकाम्या बाकांचा अर्थ लावणें कठीण आहे. चित्रपटानें हीं बाकें दाखविलीं आहेत, आणि त्यांतील सर्वांत खरें चित्र तेंच आहे. मात्र तो तेथें थांबत नाहीं. शिक्षिकेच्या हंसऱ्या चेहऱ्याकडे वळतो.

इतिहास मात्र त्या बाकांपाशींच रेंगाळला. दुसऱ्या वर्षीं रूबी शाळेंत गेली तेव्हां मार्शल नव्हते, जमाव नव्हता, वर्गांत इतर मुलें होतीं. पण बार्बरा हेन्रीही नव्हती. ज्या एका माणसाशीं तिची गांठ पडली होती तेंच माणूस गेलें, आणि पुनर्भेट व्हावयास १९९६ साल उजाडावें लागलें. पुढें गोरीं कुटुंबें हळूहळू तो भागच सोडून गेलीं, आणि ज्या शाळेंत एकीच्या प्रवेशासाठीं एवढें रणकंदन माजलें तींत कालांतरानें बहुतेक सगळींच मुलें काळीं झालीं. ह्या वेळीं कोणीही शिव्या दिल्या नाहींत, बाहुली कोणी आणली नाहीं. सामान भरलें गेलें आणि घरें विकलीं गेलीं. ज्यानें चित्रपटावरून वंशद्वेष म्हणजे आरडाओरड एवढेंच शिकून घेतलें असेल, त्याला ह्या दुसऱ्या घटनेंत वंशद्वेष दिसणारच नाहीं. चित्रपटाचा परिणाम हा असा असतो: तो आपल्याला काय पाहावें हें शिकवितो, आणि त्याबरोबरच काय पाहण्याचें कारण नाहीं हेंही शिकवून ठेवतो.

महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अमेरिकेंतील ज्या सदाचारी लोकांनीं गुलामांना दास्यांतून मुक्त केलें त्यांना अर्पण केली. त्या अर्पणांत आदर होता, तशीच आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवावा अशी अपेक्षाही होती. दूरच्या देशांतील चांगुलपणा पाहून जोतीरावांचें मन हलकें झालें नाहीं. त्यांना आपल्या अंगणांतलें काम आठवलें. परक्या दुःखाची कथा कशी वाचावी आणि कशी पाहावी, ह्याचा एवढा स्पष्ट वस्तुपाठ आपल्या वाङ्मयांत असतां, रूबीची कथा पाहून आपण नुसते डोळे पुसून उठलों तर तो दोष त्या चित्रपटाचा म्हणतां येणार नाहीं.